पाणी, माती, हवा कशी तपासावी? (एका वसतिगृहाच्या परिसरातील अभ्यास)



माणसाच्या वागण्याने पाणी, माती आणि हवा किती बिघडते आणि ते कसे तपासावे, या विषयावर या अंकासाठी अभ्यास-लेख लिहा, असे संपादकांनी मला सांगितले. मंडळ्यांतील तरुण संघांना आणि संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना तो उपयोगी पडावा ही त्यांची अपेक्षा. मी पूर्वी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मला ते सोपे वाटले. तपासणीच्या बाटल्या मागवायच्या, वसतिगृहातील मुलांना घेऊन पाड्यावर फिरायचे आणि पाड्यावरचे पाणी कसे अशुद्ध आहे ते तुम्हांला सांगायचे. लेखाचा शेवटसुद्धा मनात तयार होता. तो लेख मला लिहिता आला नाही. हा दुसरा आहे.

आमचे वसतिगृह पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात आहे, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. आजूबाजूला वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांचे पाडे. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो, पण खाली काळा खडक असल्यामुळे पाणी भेगांतून निघून जाते आणि फाल्गुन सरला की बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेवर मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही धरणे आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. मुंबईच्या मंडळ्यांतील वाचक सकाळी चहाला जे पाणी वापरतात, त्यात येथल्या पावसाचा वाटा आहे. माणसाचा परिणाम मोजायचा म्हणतो तेव्हा कोणत्या माणसाचा, हा प्रश्न येथे पहिल्याच पावलाला येतो. मे महिन्यात मात्र तो माझ्या डोक्यात नव्हता.

आम्ही पाण्यापासून सुरुवात केली. पिण्याच्या पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू आहेत का, हे पाहण्याची एक स्वस्त आणि सोपी चाचणी आहे. तिला एच-टू-एस चाचणी म्हणतात. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली प्रसिद्ध केली. छोट्या निर्जंतुक बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि बाटली उबदार जागी ठेवायची. चोवीस तासांनी पाहायचे आणि पुन्हा अठ्ठेचाळीस तासांनी पाहायचे. आतड्यांतील जंतूंबरोबर राहणारे काही जीवाणू गंधकाचा वायू तयार करतात. त्याची पट्टीतील लोहाशी गाठ पडली की पाणी शाईसारखे काळे होते. काळे झाले तर ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. झाले नाही तर धोका कमी आहे, एवढेच म्हणावे. फ्लोराइड, नायट्रेट किंवा फवारणीचे विष या बाटलीला दिसत नाही. भरताना हात साबणाने धुवावेत, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. काळी झालेली बाटली मुलांच्या हाती देऊ नये. तिच्यात ब्लीचिंग पावडरचे पाणी घालून अर्धा तास ठेवावे आणि मग खड्ड्यात पुरावे.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच ठिकाणचे पाणी भरले. वसतिगृहाची विहीर, पाड्याचा हातपंप, खालचा ओढा (तेव्हा त्यात डबकीच उरली होती), शेताजवळची उघडी विहीर आणि रानाच्या कडेचा झिरा. ओढा आणि उघडी विहीर दुसऱ्याच दिवशी काळी झाली. बाकीच्या तीन बाटल्या स्वच्छ राहिल्या. आमची विहीर स्वच्छ निघाल्याचा मला आनंद झाला. ही तीच विहीर, जिचे छायाचित्र या अंकाच्या मुखपृष्ठावर एकदा आले होते आणि जिच्या कठड्यावर देणगीदारांच्या नावांची फरशी आहे.

आमच्याकडे स्वयंपाकाला पाड्यावरून एक मावशी येतात. मुले त्यांना मावशी म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. त्या रोज येताना आपली पाण्याची बाटली झिऱ्यावरून भरून आणतात आणि आमच्या विहिरीचे पाणी पीत नाहीत. सवयीचा भाग असेल, असे समजून मी कधी विचारले नव्हते. खरे सांगायचे तर एक-दोनदा बैठकीत मी त्यांचे उदाहरणही दिले होते, की शुद्ध पाण्याचे महत्त्व पटायला वेळ लागतो. त्या दिवशी बाटल्या दाखवत मी म्हटले, "मावशी, बघा, आपली विहीर चांगली आहे."

त्या म्हणाल्या, "काल तर पावडर टाकली ना त्यात."

ते खरे होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आदल्या दिवशी येऊन विहिरीत टीसीएल पावडर टाकून गेला होता. पाण्यात क्लोरीन असताना ही चाचणी घेतली तर पाण्याची मूळ स्थिती कळत नाही, कारण जंतू तात्पुरते मेलेले असतात. हे मी मुलांना शिकवलेले आहे. वहीत मात्र नोंद करून मोकळी झाले होते. तेव्हा वाचकहो, पाण्याचा नमुना घेण्यापूर्वी शेवटची पावडर कधी पडली ते विचारावे. आणि एकदाच तपासून समाधान मानू नये. एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांनंतर, असे निदान दोनदा तपासावे. पहिला पाऊस वर्षभराची घाण एकदम खाली आणतो.

जूनच्या शेवटी, पावडर पडून बरेच दिवस झाल्यावर, आम्ही पुन्हा भरले. या वेळी आमच्या विहिरीची बाटली सर्वांत आधी काळी झाली. ओढ्याच्याही आधी. झिरा आणि हातपंप स्वच्छच राहिले.

मी ती बाटली हातात घेऊन मावशींकडे गेले. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी बाटलीकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. म्हणाल्या, "बाई, तुमच्या विहिरीच्या वर संडास हाय. आमच्या झिऱ्याच्या वर रान हाय."

शौचालये नंतर बांधली गेली. विहिरीपासून वरच्या अंगाला, माझ्याच देखरेखीखाली. जागा निवडली तेव्हा रस्त्यावरून दिसू नयेत आणि मुलींना रात्री लांब जावे लागू नये, एवढेच पाहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेचा विहिरीच्या पाहणीचा एक तक्ता आहे. त्यात हो-नाही स्वरूपाचे प्रश्न असतात: दहा मीटरच्या आत शौचालय आहे का, शौचालय विहिरीपेक्षा उंचावर आहे का, कठडा फुटका आहे का, सांडलेले पाणी परत विहिरीत मुरते का, दोर-बादली जमिनीवर पडलेली असते का. जितकी 'हो' जास्त, तितका धोका जास्त. मुलांनी तो तक्ता आमच्या विहिरीला लावला. अंतर त्यांनी पावलांनी मोजले: शोषखड्ड्यापासून विहीर बावीस पावले. म्हणजे दहा मीटरच्या नियमात आम्ही बसतो. पण हा नियम मातीतून हळूहळू गाळत जाणाऱ्या पाण्यासाठी ठीक आहे. आमच्याकडे वीतभर मातीखाली भेगाळलेला खडक आहे. भेगेतून पाणी गाळले जात नाही, नुसते धावते. अशा जमिनीत नुसत्या अंतरावर विसंबून चालत नाही. उतार कुठे आहे आणि खडक कसा आहे, हेही पाहावे लागते.

दर वर्षी जुलैत आमच्या मुलांना जुलाब होतात. आम्ही त्याला 'पाणी बदलल्यामुळे' म्हणत असू. सुट्टीवरून येताना मुले जांभळे, करवंदे खाऊन येतात, त्याचा दोष देत असू. एकदा तर घरून आणलेले खाणे बंद करण्याची सूचना मी पालकांना दिली होती. या पालकांची मी क्षमा मागितली आहे. आपणां देणगीदारांपुढेही ही गोष्ट ठेवणे मला भाग आहे, कारण विहीर आपल्या पैशांतून झाली आणि तिची चांगली बातमी आम्हीच आपणांस कळवली होती.

आता मातीकडे येते. ही तपासणी मुलांना सर्वांत आवडली, कारण तिला काहीच विकत आणावे लागत नाही. मातीचे सुपारीएवढे सुके ढेकूळ घ्यावे, चहाच्या गाळणीत ठेवावे आणि गाळणी पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद बुडवावी. ज्या मातीत पालापाचोळ्याचा अंश, मुळे आणि गांडुळांचा वावर असतो, तिचे ढेकूळ बराच वेळ टिकते. जिच्यातील जीव गेला आहे तिचे ढेकूळ पाहता पाहता विरघळते आणि पेला गढूळ होतो. पावसाचा थेंब पडल्यावर शेतात तेच होते. आम्ही तीन ढेकळे घेतली. रानाच्या कडेचे टिकले. उतारावरच्या वरकस जमिनीचे, जेथे नागली-वरई घेतात, हळूहळू सुटले. तिसरे आमच्या खेळाच्या मैदानाच्या कडेचे होते. ते पेल्यात टिकलेच नाही.

मैदानासाठी आम्ही जेसीबी लावून उतार कापला होता. वरची काळसर माती एका बाजूला लोटली आणि तांबडा मुरूम उघडा पडला. त्या वर्षी मुलांना खेळायला सपाट जागा मिळाली, याचा आम्हांला केवढा आनंद! पावसाळ्यात पाण्याची वाट बघून मी मुलांबरोबर काचेच्या तीन सारख्या बाटल्या घेऊन ओढ्यावर गेले. पहिला मोठा लोंढा आला तेव्हा एक पाड्याच्या वर, एक पाड्याच्या खाली आणि एक आमच्या मैदानाच्या खाली अशा भरल्या. रात्रभर न हलवता ठेवल्या आणि सकाळी तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजला. तिसऱ्या बाटलीत गाळाचा थर सर्वांत जाड होता. मोठ्या मुलांपैकी एकाने गावातील ज्या शेतकऱ्याचे खाचर आमच्या खाली आहे त्याला हे सांगितले, तर तो हसून म्हणाला, "मला बाटली कशाला पाहिजे? तुमचं मैदान माझ्या खाचरात उतरलंय." त्याने हे आम्हांला आधी सांगितले नव्हते. का, ते मी विचारले नाही. त्याची दोन मुले आमच्याकडे राहतात.

प्रयोगशाळेत माती पाठवायची असेल तर शेताच्या आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा सुमारे पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा करून कडेची पातळ फाक घ्यावी, सर्व एकत्र मिसळावी आणि अर्धा किलो सावलीत वाळवून द्यावी. बांधाजवळची, झाडाखालची किंवा शेणखताच्या ढिगाजवळची घेऊ नये. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. तिच्यात सेंद्रिय कर्ब हा आकडा आधी पाहावा. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर माती उपाशी आहे असे समजावे.

येथे राबाविषयी लिहायला हवे, कारण शहरातून येणारे पाहुणे एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावर धूर पाहतात आणि लगेच मान हलवतात. भाताची रोपे ज्या तुकड्यात तयार करायची त्यावर फांद्या, पाला, शेण, गवत आणि वर मातीचा थर देऊन भाजतात. त्याला राब म्हणतात. भाजल्याने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पोटॅश मिळते आणि आवणीसाठी रोप जोमदार येते. किंमतही आहे. ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडल्या जातात, जो पाला कुजून माती झाला असता तो धूर होतो. हा वाद आजचा नाही. ठाणे-कुलाबा भागातील जंगलांच्या तक्रारींसाठी १८८५ साली सरकारने बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमले, त्यातही राबाचा प्रश्न होताच. त्या काळी सरकार लाकूड पाहत होते आणि शेतकरी रोप. आज राबाला पर्याय आहेत: गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची राख घालून रोपे करणे, चारसूत्री पद्धत, किंवा नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राईस तंत्र, ज्यात चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात. पण एका हंगामाच्या रोपावर ज्याचे वर्षभराचे धान्य अवलंबून आहे, त्याला 'राब सोडा' असे सांगणाऱ्याने आधी आपल्या तुकड्यावर ते करून दाखवावे. आम्ही यंदा वसतिगृहाच्या दोन गुंठ्यांत गादीवाफा केला. रोप बरे आले, तण मात्र फार झाले आणि मुलींना दोनदा बेणणी करावी लागली. म्हातारे शेतकरी बांधावर उभे राहून बघून गेले.

हवेची तपासणी सर्वांत अवघड. मोबाइलवर हवेचा आकडा दिसतो, पण तो दूरच्या शहरातील केंद्राचा किंवा अंदाजाचा असतो. पाड्यावरच्या चुलीपाशी कोणी यंत्र बसवलेले नाही. फुप्फुसात खोल जाणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही लहान. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. यंत्राशिवाय हे कण मोजता येत नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. जे करता येते ते असे: पांढऱ्या जाड कागदाच्या चौकोनांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा आणि तोंडाच्या उंचीवर चोवीस तास टांगावे. एक चुलीपाशी, एक पडवीत, एक वाऱ्याच्या वरच्या बाजूला झाडाखाली. यावर मोठी धूळ आणि काजळीच चिकटते, पण तुलना डोळ्यांना दिसते. शिवाय चूल किती तास पेटते, लाकूड ओले की सुके, धूर कोणाच्या तोंडावर जातो आणि त्या घरात खोकला कोणाला आहे, हे वहीत लिहावे. पावसाळ्यात ओल्या लाकडाने सगळे दुप्पट होते.

पाड्यावर आम्ही सहा घरांत कागद टांगले. बऱ्याच घरी गॅसची टाकी आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली आली तेव्हापासूनची. बहुतेक टाक्या रिकाम्या कोपऱ्यात होत्या, कारण भरून आणायला एकरकमी पैसे लागतात आणि लाकूड रानात आहे. सातवा कागद आमच्या स्वयंपाकघरात टांगला होता. साठ मुलांचा भात, डाळ, भाकरी. चूल पहाटे पेटते ती दुपारी थोडी निवते. त्या कागदाचा रंग मी लिहीत नाही. लिहिण्यासारखे हे आहे की स्वयंपाकघराची खिडकी अभ्यासाच्या खोलीकडे उघडते आणि पावसाळी वारा तिकडेच वाहतो. मागच्या आवारात आम्ही कचरा जाळत असू, तोही त्याच बाजूला. नाताळच्या भेटवस्तूंची वेष्टने, एकदा वापरून फेकायच्या ताटल्या, थर्माकोल. एक विनंती येथेच करते: यंदा भेटी पाठवाल तेव्हा प्रत्येक वस्तू वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये नको. जुन्या साडीच्या पिशव्या चालतील. मुली त्या दप्तराला वापरतात. कचरागाडी आमच्याकडे येत नाही.

आतापर्यंत केलेले थोडक्यात सांगते. विहिरीचे पाणी पिण्यासाठी बंद केले आहे. मुले हातपंपाचे पाणी उकळून पितात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुने दिले आहेत. मैदानाच्या कडेने चर खणून वाळा लावला आहे. खाचरातील गाळ काढायला मोठी मुले आणि मी तीन शनिवार गेलो. धुराडे असलेली चूल बसवली आहे. जुना शोषखड्डा उपसून बुजवला आणि नवा उताराच्या खाली, विहिरीच्या पलीकडे खणला. या शेवटच्या कामाला पैसे नव्हते. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी आलेली देणगी आम्ही तिकडे वळवली, ज्यांनी ती दिली त्यांना आधी फोन करून. दोघांनी लगेच हो म्हटले. एका बंधूंनी विचारले की नाव कुठे लागेल. शोषखड्ड्यावर फरशी लावता येत नाही, हे ऐकून तेही हसले आणि हो म्हणाले.

आपल्या मंडळीने ही तपासणी करायची ठरवली तर पाण्यासाठी गावातील प्रशिक्षित बहिणींना सोबत घ्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी-तपासणीचा संच वापरायला शिकवतात. त्या कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा. आणि पहिली बाटली स्वतःच्या चर्चच्या आवारातील नळाची भरा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पावडर न टाकता, आम्ही विहिरीची बाटली पुन्हा भरली. अठ्ठेचाळीस तासांनंतर ती काळी झाली नाही, थोडी तपकिरी झाली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा भरू. मावशींना दाखवली. त्यांनी या वेळी हात पुसून ती उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि परत दिली.

"दोन पावसाळे जाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. "मग पिईन."

आपली झिऱ्याची बाटली त्या अजून घेऊन येतात.